हर्नियाचंच तर ऑपरेशन, मग पुण्याला कशाला?

पत्र: मॅडम, आम्ही कराडजवळच्या गावात राहतो. आईचं वय ५९, शुगर आहे, वजन ७८. आठ वर्षांपूर्वी तिची गर्भपिशवी काढली, पोटावर उभा छेद होता. दोन वर्षांत त्याच टाक्यांच्या जागी फुगवटा आला. आमच्या नेहमीच्या सर्जननी तो आत ढकलून टाके घालून शिवला, जाळी टाकली नाही कारण तेव्हा आमची ऐपत नव्हती. तीन वर्षं बरी गेली, आता परत आलाय आणि आधीपेक्षा मोठा आहे, खोकली की नारळाएवढा गोळा वर येतो, झोपली की आत जातो. डॉक्टर म्हणतात पुढच्या आठवड्यात घेऊ, या वेळी जाळी टाकू. भाऊ पुण्यात असतो, तो म्हणतो तिथे हर्निया स्पेशालिस्ट आहे, रोबोटने करतात, तिकडेच आण. खर्च तिप्पट. आई म्हणते, "आपल्या डॉक्टरांनी तुमची बाळंतपणं निभावली, त्यांना सोडून कुठे जायचं, आणि हर्नियाचंच तर आहे." खरंच सर्जन बदलून एवढा फरक पडतो का? आणि वडिलांना (६६) पण जांघेत छोटा हर्निया आहे, दुखत-बिखत नाही, त्यांचंही तिकडेच करायचं का? — दोन्हीकडून ओढाताण होणारी लेक

उत्तर: फरक पडतो. तुमच्या आईच्या बाबतीत बराच पडतो, वडिलांच्या बाबतीत फारसा नाही, आणि भाऊ ज्या कारणासाठी पुण्याला ओढतोय त्या कारणाने तर अजिबात पडत नाही. पहिल्यांदा हे सांगून टाकलं कारण पुढे मी पाल्हाळ लावणार आहे.

मी सर्जन नाही हे इथे नेहमी वाचणाऱ्यांना माहितीय. मी भूल देणारी. तीस वर्षं गाडीच्या डिकीत बॅग टाकून सकाळी एका नर्सिंग होमला, दुपारी दुसऱ्या, रात्री फोन आला की तिसऱ्या. त्यामुळे झालंय काय की टेबलावरचं ऑपरेशन तेच आणि समोरचे हात मात्र रोज वेगळे, असं बघायला मिळालं, जे खुद्द सर्जनला कधीच बघायला मिळत नाही, तो बिचारा आयुष्यभर स्वतःचेच हात बघतो. आणि दोन वर्षांनी तोच पेशंट तेच पोट घेऊन परत टेबलावर आला की त्याला भूलही मीच देते, म्हणजे पहिल्या खेपेला काय झालं होतं ते माझ्या लक्षात असतं.

आता आईच्या "हर्नियाचंच तर आहे" बद्दल. यात चूक आईची नाही, आम्हा डॉक्टरांची आहे. शिकताना हर्निया आणि हायड्रोसिल ही नवीन पोरांच्या हातात द्यायची ऑपरेशनं, हात बसावा म्हणून. त्यामुळे "छोटं ऑपरेशन" हा शिक्का बसला तो बसलाच. पण एकाच नावाखाली चार वेगळ्या गोष्टी आहेत. जांघेतला, ज्याला जुनी माणसं अंतर्गळ म्हणायची. बेंबीचा. आधीच्या ऑपरेशनच्या टाक्यांतून आलेला. आणि चौथा, दुरुस्त करून परत आलेला. पहिला आणि चौथा यांच्यात सायकलचं पंक्चर आणि इंजिनचं काम एवढं अंतर आहे, आणि तुमच्या आईचा तिसरा आणि चौथा दोन्ही एकत्र आहे.

पहिलं ऑपरेशन का फसलं ते आधी समजून घ्या, नाहीतर घरात "तू हंडा उचललास म्हणून" हे चालू होतं (झालंच असेल म्हणा एव्हाना). विरलेलं लुगडं फाटलं आणि फाटलेल्या दोन कडा ओढून शिवल्या तर ते शिवणीवर नाही फाटत, शिवणीच्या शेजारी फाटतं, बायकांना हे वेगळं सांगायला नको. पोटाच्या स्नायूंवर जो पांढरा चिवट पडदा असतो त्याचं तसंच होतं. नेदरलँड्समधे याचा नीट अभ्यास झाला, २००० साली छापून आला. टाक्यांच्या जागच्या हर्नियाचे पेशंट, निम्म्यांना नुसते टाके, निम्म्यांना जाळी. तीन वर्षांत टाके घातलेल्यांपैकी ४३ टक्क्यांचा परत आला, जाळीवाल्यांपैकी २४ टक्क्यांचा. दहा वर्षांनी त्याच लोकांना परत बघितलं तर ६३ आणि ३२. म्हणजे तुमच्या आईचा परत आला यात नवल काहीच नाही, तिने हंडा उचलला नसता तरी बहुतेक आलाच असता. पण दुसरी बाजूही बघा, जाळी टाकूनसुद्धा दहा वर्षांत तिघांतल्या जवळपास एकाचा परत आला. तेव्हा "या वेळी जाळी टाकू" म्हणजे सगळं झालं असं नाही. जाळी कोणती, यापेक्षा ती कुठल्या थरात, किती मोठी आणि कोणी टाकली याला महत्त्व आहे.

थरांचं जरा सांगते, हा भाग कंटाळवाणा वाटेल पण सगळी मेख इथेच आहे. जाळी स्नायूंच्या वर, चरबीच्या खाली ठेवता येते. हे सोपं, लवकर होतं, कुठल्याही सर्जनला जमतं. पण त्यासाठी चरबी लांबवर सोडवावी लागते, मग खाली पाणी साठतं, आणि शुगरच्या पेशंटला जखम चिघळायची भीती. दुसरी पद्धत, स्नायूंच्या मागे, म्हणजे पोटाच्या मधोमध जे दोन उभे स्नायू असतात त्यांच्या पाठीमागच्या कप्प्यात. तिथे जाळी दोन थरांच्या मधे चपखल बसते, पोटातला दाबच तिला जागेवर धरून ठेवतो, आतड्यांना ती शिवत नाही. मोठ्या हर्नियाला जगभर आता शक्यतो हीच जागा पसंत करतात. पण हा कप्पा उघडायला पोटाच्या भिंतीची रचना पाठ लागते, बाजूने येणाऱ्या बारीक नसा सांभाळाव्या लागतात. आणि भोक फारच रुंद असेल तर आडव्या स्नायूचा थर सोडवून दोन्ही बाजू मधे आणाव्या लागतात, ही पद्धत २०१२ साली पुढे आली आणि तेव्हापासून वर्कशॉपांचा धूमधडाका चालू आहे.

एकदा एका ठिकाणी — गाव नको, नाव नको — असंच दोन दिवसांचं वर्कशॉप करून आलेल्या एका सर्जनबरोबर मी उभी होते. माणूस वाईट नाही, एरवी हात चांगला, ॲपेंडिक्स, पित्ताशय झटपट. त्या दिवशी तो थर सोडवताना पाऊण इंच बाहेर गेला. एवढंच, पाऊण इंच. सहा महिन्यांनी ती बाई आली तेव्हा मधला हर्निया गेला होता पण पोटाची अख्खी डावी बाजू लोंबत होती, कारण जी कड कापायची नसते तीच कापली गेली होती. आधी हर्निया होता तो दुरुस्त होण्यासारखा होता, हे झालं ते जवळजवळ न होण्यासारखं. तेव्हापासून कोणी म्हणालं की हर्निया कोणीही करतं, तर मी गप्प बसत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, स्पेशालिस्टने केलं की आकडे खरंच सुधारतात का. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण कॅनडातलं आहे, टोरांटोजवळ शोल्डाइस हॉस्पिटल. १९४५ पासून तिथे फक्त हर्निया करतात, दुसरं काही नाही. तिथला एकेक सर्जन वर्षाला काही शे हर्निया करतो, आणि गंमत म्हणजे तिथे बहुतेकांना जाळी टाकतच नाहीत, थरावर थर शिवायची त्यांची स्वतःची पद्धत आहे. २०१६ साली ओंटारिओ प्रांतातल्या २ लाख ३५ हजार लोकांच्या जांघेतल्या हर्नियाचा हिशोब छापून आला. साध्या हॉस्पिटलांमधे जिथे सगळ्यात कमी हर्निया होतात तिथे ५.२१ टक्के लोकांना परत ऑपरेशन लागलं. जिथे सगळ्यात जास्त होतात तिथे ४.७९. आणि शोल्डाइसमधे १.१५.

हे आकडे मी कितीदा तरी बघितलेत आणि दर वेळी मला त्यातला मधला आकडाच जास्त बोलतो. हॉस्पिटल मोठं, गर्दी भरपूर, तरी ५.२१ वरून ४.७९, म्हणजे फार काही फरक नाही! मोठ्या इमारतीने काम होत नाही. दहा सर्जन दहा पद्धतीने अधूनमधून करतात त्यापेक्षा ठरावीक माणसं एकच गोष्ट एकाच पद्धतीने रोज करतात, नव्या माणसाला हात धरून शिकवतात, त्याने काम होतं. अर्थात शोल्डाइसवालेही पेशंट निवडून घेतात, जाड माणसाला आधी वजन उतरवून ये म्हणतात आणि नाही उतरलं तर ऑपरेशन लांबवतात, तेव्हा १.१५ चं सगळं श्रेय हातांना नाही, थोडं त्या हट्टालाही आहे. पण तो हट्टसुद्धा स्पेशालिस्टपणाचाच भाग नाही का, मला तर वाटतं मोठा भाग आहे, त्यावर खाली येतेच.

अमेरिकेतही न्यूयॉर्क राज्यातल्या नोंदी तपासल्या तेव्हा वर्षाला २५ पेक्षा कमी हर्निया करणाऱ्या सर्जनांच्या पेशंटना परत ऑपरेशन जास्त लागलं. आणि दुर्बिणीचं तर अजून वेगळं. २००४ साली तिथल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांतला अभ्यास आला, जांघेतला हर्निया दुर्बिणीने विरुद्ध उघडून, दोन्हीकडे जाळी. दोन वर्षांत दुर्बीणवाल्यांचा १०.१ टक्के परत आला, उघडून केलेल्यांचा ४.९. सगळे म्हणाले बघा, दुर्बीण वाईट. मग आत डोकावलं तर ज्यांनी आधी २५० च्या वर दुर्बिणीची केली होती त्यांच्या हातचे निकाल नवख्यांच्या निम्म्यावर होते. अडीचशे! पहिली अडीचशे कोणाच्या तरी पोटावर झालीच की.

इथपर्यंत वाचून भाऊ म्हणेल, बघ मी सांगत होतो. तर त्याला पुढचंही वाचून दाखवा.

घानामधे सर्जन फार थोडे आहेत, म्हणून साध्या डॉक्टरांना, म्हणजे आपल्याकडच्या एमबीबीएससारख्यांना, जांघेतल्या हर्नियाचं जाळीचं एकच ऑपरेशन नीट शिकवलं आणि मग त्यांचे आणि सर्जनांचे पेशंट एक वर्षाने तपासले. साध्या डॉक्टरांचे परत आलेले ०.९ टक्के, सर्जनांचे २.८. पेशंट अडीचशेच्या आतच होते, तेव्हा साधे डॉक्टर सरस ठरले असं नको म्हणायला, पण कमी पडले नाहीत एवढं नक्की. म्हणजे नावापुढची अक्षरं मोजून उपयोग नाही. आपल्याकडे तर हर्नियाची म्हणून वेगळी मोठी पदवी नाहीच, सगळे एमएस किंवा डीएनबी जनरल सर्जरी, पुढे काही आखूड कोर्स आणि फेलोशिपा, त्यातल्या काही कसदार आणि काही नुसत्या भिंतीवर लावायच्या. "हर्निया स्पेशालिस्ट" हा बोर्ड रंगवून घ्यायला काही लागत नाही.

आणि पैशाचं म्हणाल तर आपल्याच धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याच्या डॉ. टोणगावकरांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून हर्नियाला जाळी म्हणून वापरलं, पाच-सहा डॉक्टरांनी मिळून २००३ साली त्याचा अहवाल छापला, तेव्हा लोक हसले असतील. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर रीतसर अभ्यास झाला, निम्म्यांना स्वस्त मच्छरदाणीच्या कापडाची जाळी, निम्म्यांना कंपनीची महागडी. २०१६ साली निकाल आला, एका वर्षात स्वस्तवाल्या गटात परत येण्याचं प्रमाण ०.७ टक्के, महागड्या गटात शून्य, म्हणजे फरक नसल्यात जमा. आणि पुण्याच्या डॉ. देसरडांनी तर पेशंटच्या स्वतःच्याच पडद्याची पट्टी वापरून जाळीच न लावता जांघेतला हर्निया दुरुस्त करायची पद्धत काढली, ती पोलंडमधे तपासली गेली आणि तीन वर्षांनी जाळीच्या तोडीस तोड निघाली. हे सगळं मी अभिमान मिरवायला नाही सांगत (थोडा मिरवतेय, असू दे), सांगायचं एवढंच की गाव लहान म्हणून सर्जन लहान हे डोक्यातून काढा, आणि जाळी महाग म्हणून ऑपरेशन पक्कं हेही काढा. मात्र हे सगळं जांघेतल्या हर्नियाचं झालं, आईच्या पोटाला ते जसंच्या तसं लावू नका.

रोबोटबद्दल एका ओळीत. रोबोट स्वतः काही करत नाही, त्याच्या मागे बसलेला माणूस करतो, आणि तो माणूस पोटाच्या भिंतीत मुरलेला नसेल तर रोबोट म्हणजे महागडा चमचा.

तर मग आईसाठी काय शोधायचं? असा सर्जन जो टाक्यांच्या जागचे, परत आलेले हर्निया नेहमी करतो. पुणंच असं काही नाही, तुम्हाला कराड आहे, मिरज आहे, कोल्हापूर आहे, मेडिकल कॉलेजंही आहेत, फक्त कॉलेजमधे ऑपरेशन सर स्वतः करणार की रेसिडेंट, हे विचारून घ्या, विचारायला लाजू नका. समोर बसल्यावर "तुम्ही हर्निया किती करता" असं विचारलंत तर मोठा आकडा येईल आणि त्यात नव्वद टक्के जांघेतलेच असतील. प्रश्न असा टाका, "पोटावरचे, आधी दुरुस्त करून परत आलेले, असे वर्षाला किती येतात तुमच्याकडे?" मग विचारा जाळी कुठल्या थरात ठेवणार आणि का, उत्तर तुम्हाला पूर्ण कळलं नाही तरी चालेल, ते समजावतायत की उडवतायत हे कळतंच. मग विचारा, "तुमचे स्वतःचे किती परत आले?" एकही नाही म्हणाले तर नमस्कार करून उठा. असा सर्जन जन्माला यायचाय, किंवा त्याचे परत आलेले पेशंट दुसऱ्याकडे गेलेत आणि त्याला पत्ता नाही. जो म्हणतो की माझे एवढे परत आले, त्यातले अमुक शुगरचे होते, त्याच्याकडे बसा, कारण तो मोजतोय.

पण माझी स्वतःची कसोटी याहून सोपी आहे. पहिल्या भेटीत तारीख देतो का? आईची शुगर, ७८ वजन, परत आलेला हर्निया, आणि सीटी स्कॅन न बघता "पुढच्या आठवड्यात घेऊ" म्हणणारा सर्जन, मग तो कराडचा असो की पुण्याचा, मला नको. मुरलेला माणूस आधी घरी पाठवतो. तीन महिन्यांची शुगर (रिपोर्टवर HbA1c लिहिलेलं असतं ती) काढा म्हणतो, ती ८ च्या वर असेल तर आधी खाली आणा म्हणतो. वजन थोडं उतरवा, खोकला असेल तर बरा करा, बद्धकोष्ठ असेल तर त्याचं बघा. तंबाखू बंद, आणि इथे मी मुद्दाम विचारते, आई मिश्री लावते का? आपल्याकडच्या बायका "मी तंबाखू खात नाही" म्हणतात आणि सकाळी दोन वेळा मिश्री लावतात, ती पण तंबाखूच, त्यातलं निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं आणि जखम भरायला रक्तच तर लागतं. ऑपरेशनच्या निदान महिनाभर आधी डबी फेकायची. तुम्ही फेका, ती नाही फेकायची.

माझ्या खात्यातलं एक, जे सर्जन लोक विसरतात. नारळाएवढा गोळा म्हणजे बरीच आतडी पोटाबाहेर राहायला शिकलीयेत. ती एकदम आत कोंबली की पोटातला दाब वाढतो, छाती आणि पोटाच्या मधला श्वासाचा पडदा वर सरकतो आणि फुप्फुसांना जागा कमी पडते, मग ऑपरेशन झकास झालं तरी रात्री दोन वाजता पेशंटला धाप लागते. म्हणून ऑपरेशन जिथे होईल तिथे आयसीयू आणि रात्री हजर असणारा डॉक्टर हवाच. आणि तीन चेंडूंचं ते श्वासाचं खेळणं मेडिकलमधे मिळतं, ते आजच आणा आणि आईला रोज फुंकर नाही, ओढायला सांगा, सगळे उलटंच करतात.

खर्चाचं. तिप्पट कशामुळे ते पॅकेज फोडून विचारा. कधीकधी रोबोटचा चार्ज असतो, खोलीचा असतो, आणि जाळी पोटाच्या आत आतड्यांच्या बाजूला ठेवणार असतील तर एका बाजूला खास लेप असलेली जाळी आणि ती ठोकायच्या पिना, हे फार महाग. स्नायूंच्या मागच्या कप्प्यात साधी जाळी चालते, ती त्या मानाने खूपच स्वस्त. म्हणजे जाणकार सर्जनची फी जास्त असली तरी सामानाचं बिल कमी येऊ शकतं, हिशोब दोन्हीचा मिळून करा. विमा असेल तर पॉलिसी उघडून बघा, हर्नियाला बहुतेक पॉलिसींमधे दोन वर्षांचा वेटिंग पीरियड असतो, नवीन पॉलिसी काढून लगेच क्लेम होईल या भ्रमात राहू नका. आणि जन आरोग्य योजनेत बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, बाहेरच्या कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

आता सगळ्यात नाजूक, आपले डॉक्टर. आईचा जीव तिथे अडकलाय आणि मला ते पटतं. मी एवढंच सांगेन की दुसऱ्यांदा आलेला हर्निया बघून खूश होणारा जनरल सर्जन मी बघितलेला नाही. एकाने चहा पिताना मला सरळ सांगितलं होतं, "मॅडम, पेशंटच म्हणाला पुण्याला जातो तर मी पेढे वाटीन, पण मी जा म्हटलं तर लोक म्हणतात याला जमत नाही." तेव्हा ही वाट तुम्हीच मोकळी करून द्या. त्यांच्याकडे जा, म्हणा, "डॉक्टर, भाऊ फार मागे लागलाय, तुम्हीच एखाद्या पोटाच्या भिंतीचं काम करणाऱ्याला चिठ्ठी द्या, आणि आधीच्या ऑपरेशनची नोट द्या, नंतरचं ड्रेसिंग-टाके तुमच्याकडेच." सगळं भावावर ढकला, भाऊ असतात कशाला. बहुतेक वेळा समोरच्याचा चेहरा उजळतो. गर्भपिशवीच्या आणि हर्नियाच्या, दोन्ही ऑपरेशनच्या नोटा घ्या, नुसतं डिस्चार्ज कार्ड नाही. आत काय केलं, कुठला दोरा, कुठला थर, हे पुढच्या सर्जनला सोन्यासारखं असतं.

आणि उलट, ते म्हणाले की वर्षाला असे वीस-पंचवीस मी करतो, स्नायूंच्या मागेच जाळी ठेवतो, आणि तारीख पुढे ढकलून आधी शुगर बघू, तर मग पुण्याला जायची मला काही गरज दिसत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. गोळा झोपल्यावरही आत जाईनासा झाला, कडक झाला, दुखायला लागला, उलट्या, वारा सरेना, वरची कातडी लाल-काळपट, तर हे सगळं वर लिहिलेलं विसरा आणि जवळच्या ज्या हॉस्पिटलात त्या क्षणी सर्जन आणि भूल देणारं माणूस हजर आहे तिथे घाला. तेव्हा आतडं वाचवायचं असतं, हर्नियाची शोभा नंतर. हायवेवर स्पेशालिस्ट शोधत बसू नका.

वडिलांचं पटकन. पहिलाच, जांघेतला, छोटा, न दुखणारा. घाई नाही. अमेरिकेत अशाच ७२० पुरुषांवर अभ्यास झाला, २००६ साली छापला, निम्म्यांना ऑपरेशन आणि निम्म्यांना नुसतं लक्ष ठेवा. लक्ष ठेवलेल्यांपैकी दोन वर्षांत साधारण चौथ्या हिश्शाने स्वतःहून ऑपरेशन करून घेतलं, बहुतेक दुखायला लागलं म्हणून, पण अडकून इमर्जन्सी होण्याचं प्रमाण वर्षाला हजारात दोनहूनही कमी होतं. दहा वर्षांत मात्र बहुतेकांनी करून घेतलंच, तेव्हा कधी ना कधी लागेल असं धरून चाला. लागेल तेव्हा तुमचे नेहमीचे सर्जन, जर ते महिन्याला चार-पाच करत असतील तर, उघडून जाळी टाकतील आणि छान होईल, दुर्बिणीचा आग्रह धरू नका. लघवीला जोर करावा लागतो का तेवढं बघून घ्या, या वयात प्रोस्टेटकडे लक्ष न देता हर्निया शिवला की टाक्यांवर रोज ताण. (आणि हे बाप्यांबद्दल आहे, बायकांच्या जांघेतला हर्निया असा सोडून द्यायचा नसतो, त्यात अडकायची भीती जास्त, हे इथे वाचणाऱ्या बाकीच्या बायकांसाठी.)

आईचा पोटाचा सीटी स्कॅन करून घ्या. रिपोर्टमधे मधल्या फटीची आडवी रुंदी सेंटीमीटरमधे लिहिलेली असते, नसेल तर रेडिऑलॉजिस्टकडून मागून घ्या. ती ४-५ च्या आसपास असेल तर तुमच्यासमोर बरेच पर्याय आहेत, १० च्या वर असेल तर फक्त अशीच कामं करणारा सर्जन, दुसरा नाही. आकडा आला की मला कळवा, आणि सोबत तीन महिन्यांच्या शुगरचाही. मिश्रीचं खरं खरं लिहा.